रान आपल्या ओळखीचे, मग रानाची विद्या परकी का?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी माझे नाव पुकारले तेव्हा तुमच्यापैकी कित्येकींना वाटले असेल, की ही आता कोकमाचे आगळ किंवा फणसाची साठे यावर बोलणार. गेल्या दोन वर्षी मी तेच केले, आणि तेवढेच मला नीट येते. मी काही वक्ती नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा बोलण्यात उणेअधिक झाले तर पोटात घाला. पण यंदा एक गोष्ट मनात सलते आहे. ती माझ्या हातून झालेल्या चुकीची आहे, म्हणून ती मीच सांगायला हवी.

आधी माझ्या शाळेचे थोडे सांगते. माझे माहेर खाडीच्या काठचे. शाळा गावात सातवीपर्यंत. पुढची शाळा खाडीपलीकडे, आणि पावसाळ्यात तर बंद. एकदा शास्त्राच्या तासाला गुरुजींनी विचारले, "झाडाची मुळे जमिनीत खाली जातात. वर येणारी मुळे कोणी पाहिली आहेत का?" वर्ग गप्प. मी उठून म्हटले, "गुरुजी, आमच्या खाडीत तिवराची मुळे चिखलातून वर येतात, पेन्सिली रोवल्यासारखी. आईबरोबर कालवे काढायला जाते तेव्हा पायाला टोचतात." गुरुजींनी सांगितले, ती श्वासमुळे. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळे वर काढून श्वास घेते. मग म्हणाले, "ही पोर पुढे वनस्पतिशास्त्र शिकली पाहिजे." तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुढे तर काही ओलांडली गेली नाही. त्याबद्दल आईवडिलांना मी बोल लावीत नाही. तेव्हा आमच्याकडे कोणाच्याच मुली पलीकडे जात नव्हत्या. पण तो शब्द मात्र विसरले नाही.

असे असून माझ्या हातून काय झाले ते ऐका. चार वर्षांमागे माझी पुतणी बारावी शास्त्र शाखेतून चांगली पास झाली. एक दिवस कागद घेऊन आली आणि म्हणाली, "काकी, मला वनशास्त्राच्या पदवीला जायचं आहे. बाबा तुझं ऐकतात, तू एक शब्द टाक." मी काय म्हणावे? मी म्हटले, "अगो, झाडं मोजायला का कॉलेजात जायचं? रानात तर आपण रोज जातो. मास्तरीण हो, नाहीतर बँकेत लाग. रानात फिरणारी पोर कोण करून घेणार?" बिचारी काही बोलली नाही. कागद परत पिशवीत घातला. तिचे एक वर्ष फुकट गेले. दुसऱ्या वर्षी तिने स्वतःच फॉर्म भरला, बापाची समजूत स्वतःच घातली आणि गेली. माझ्याकडे पुन्हा शब्द टाकायला आली नाही. ज्या काकीला गुरुजींचा शब्द जन्मभर आठवतो, त्याच काकीने पुतणीला तोच शब्द नाकारला. हेच ते सलणे.

आता ती सुटीत घरी येते. गेल्या मे महिन्यात आली ती टेप, दोरी आणि वही घेऊन. म्हणाली, "काकी, देवराईत चल." मला वाटले नारळ ठेवायला. तिथे तिने दोरीने दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असा चौकोन आखला आणि आतले एकूणएक झाड मोजू लागली. प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर. सगळीकडे एकाच उंचीवर मोजायचे, म्हणजे आज मोजलेले झाड दहा वर्षांनी कितीने वाढले ते कळते. झाडांची नावे ती मला विचारीत होती. मी सांगत गेले: हा बेहडा, हा किंजळ, ही सुरंगी, ही रानजायफळ. मी उपयोग सांगे, ती लिहून घेई. संध्याकाळी ती म्हणाली, "काकी, आज तू माझी बाई होतीस." भगिनींनो, चाळीस वर्षांत मला असे कोणी म्हटले नव्हते.

पण मला माहीत नसलेलेही तिने पुष्कळ सांगितले. आमच्या देवराईत एक म्हातारा बेहडा आहे, आतून पोकळ. सुतार म्हणतो, फळीला निरुपयोगी. पावसाळ्याआधी देवळाच्या दुरुस्तीसाठी तो तोडून लाकूडफाटा विकावा असे गावात चालले होते. पुतणीने त्याच्या ढोलीकडे बोट दाखवले. धनेश पक्ष्याचे घरटे. आपल्याकडे कोणी त्याला गरुडही म्हणतात. अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. आत ती अंडी उबवते आणि बाहेरून नर फळे आणून तिला भरवतो. ढोली नसेल तर घरटे नाही. आणि ढोली तरण्या झाडाला नसते, म्हाताऱ्यालाच असते. शिवाय हाच पक्षी वडा-उंबराची फळे खाऊन बिया रानभर टाकतो. म्हणजे आपण ज्याला निकामी झाड म्हणतो ती बाळंतिणीची खोली आहे. हे तिने गावच्या बैठकीत उभे राहून सांगितले. पुरुष मंडळींनी ऐकून घेतले. झाड अजून उभे आहे. पुढच्या बैठकीत काय ठरेल ते मी सांगू शकत नाही. पण बैठकीत हे सांगणारी एक मुलगी आपल्या घरची होती, एवढे खरे.

म्हणून मी तुम्हाला विचारते, हे ज्ञान आपल्याला परके का वाटावे? आपण बायका रोज तेच करतो. शेवळाची भाजी करताना घशाला खाज सुटू नये म्हणून काकडाची फळे घालतो. टाकळा कोवळा असताना घ्यायचा, कुरडू फुलावर येण्याआधी खुडायचा, भारंगीचे पाणी काढून टाकायचे, फोडशीचा कांदा जमिनीत राहू द्यायचा म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा येते. हे आपल्याला कोणत्या पुस्तकाने शिकवले? आपल्या कोळी आणि गाबीत भगिनींना विचारा. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला ओहोटी लांब जाते आणि तेव्हाच कालवे-तिसऱ्या काढाव्यात, हे त्यांना घड्याळाशिवाय कळते. नारळी पुनवेपर्यंत होडी पाण्यात घालायची नाही हा त्यांच्या घरचा नेम. माशांची वीण पावसात होते म्हणून आज सरकारही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद ठेवते. जुनी माणसे देवाच्या नावाने जे पाळीत ते आता कायद्याने पाळायचे. देवराईचेही तसेच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोघा शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात आपल्या महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून पाहिल्या, त्यांवर लिहिले, आणि मग शिकलेल्या लोकांना कळले की गावकऱ्यांनी देवाच्या धाकाने केवढा ठेवा राखला आहे.

मग कोणी म्हणेल, आपल्याला सगळे येतेच, तर मुलींना कॉलेजात कशाला घालायचे? हाच प्रश्न मीही केला होता. त्याचे उत्तर मला दोन बायकांच्या गोष्टींनी दिले.

पहिली राहीबाई पोपेरे. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे, तिथल्या. महादेव कोळी समाजाच्या. शाळेत कधी गेल्या नाहीत. पण गावठी वालाचे, भाताचे, भाज्यांचे बियाणे त्यांनी घरोघर हिंडून जमवले, जपले, वाटले. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. दुसऱ्या तुळशी गौडा. कारवारकडे अंकोला तालुक्यातल्या, हालक्की समाजाच्या. लहानपणीच आईबरोबर वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरीला लागल्या. कोणत्या झाडाचे बी केव्हा गोळा करायचे, मातृवृक्ष कोणता, रोप कसे जगवायचे, हे त्यांच्याइतके कोणाला कळत नसे. 2021 च्या नोव्हेंबरात दोघींना राष्ट्रपतींच्या हस्ते पद्मश्री मिळाली. तुळशीबाई अनवाणी, आपल्या वेशात गेल्या होत्या. 2024 च्या डिसेंबरात त्या वारल्या.

आपल्याला त्यांचा अभिमान वाटतो, आणि वाटावाच. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. एवढे ज्ञान असून तुळशीबाई कितीतरी वर्षे रोजंदारीच्या मजूरच होत्या. ज्ञान त्यांचे, आणि सहीचा अधिकार दुसऱ्याचा. रोपे जगवणारी मजूर, आणि ती मोजून अहवाल लिहिणारा साहेब. मान मिळाला, पण म्हातारपणी. आपल्या मुलींनी म्हातारपणापर्यंत वाट पाहावी काय? हातातल्या ज्ञानाला कागद जोडला, तर तीच मुलगी अहवाल लिहील, सही करील, आणि कोणते झाड तोडायचे नाही ते सांगेल. शिक्षण हवे ते यासाठी.

आजवर त्या खुर्चीवर कोण बसले? माझी आजी फॉरेस्टच्या गार्डाला पाहिले की लाकडाची मोळी झुडपात टाकून पळायची. इंग्रजांनी 1865, 1878 आणि 1927 साली रानाचे कायदे केले, आणि पिढ्यान् पिढ्या रानात राहणारी माणसे आपल्याच रानात चोर ठरली. स्वराज्य आले, 1966 साली भारतीय वनसेवा सुरू झाली, पण तिच्यात पहिल्या स्त्रिया आल्या त्या 1980 साली. चौदा वर्षे एकही बाई नाही! आता पुष्कळ मुली येतात. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत बायकांसाठी 30 टक्के जागा राखीव असतात. तरीसुद्धा कातकऱ्याची, धनगराची, कोळ्याची, कुळवाड्याची मुलगी त्या खुर्चीवर आपण कितीदा पाहिली? रानाला सर्वांत जवळची घरे, आणि रानाच्या विद्येपासून सर्वांत लांब तीच.

आणि आता तर गरज वाढली आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला आपले रान राखण्याचा हक्क दिला. गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा-लेखा हे गोंडांचे गाव. त्यांना 2009 साली सुमारे 1800 हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे गावसभेने स्वतः बांबू विकला. पण हक्क मिळाला म्हणजे काम संपत नाही. किती बांबू आहे, यंदा किती तोडावा, किती ठेवावा, याचा हिशेब गावातल्या कोणाला तरी यायला हवा. तसेच 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असावी आणि तिने गावच्या झाडापाल्याची, पशुपक्ष्यांची नोंदवही करावी असे ठरले. 2004 च्या नियमांत त्या समितीत निदान तिसरा हिस्सा बायका असाव्यात असेही लिहिले होते. आपल्यापैकी किती जणींना आपल्या पंचायतीच्या समितीतल्या बायकांची नावे माहीत आहेत? मला नव्हती. त्या वहीत टाकळा-कुरडू कोण लिहिणार, आपण नाही तर?

पुतणीने मला एका बाईची गोष्ट वाचून दाखवली, ती तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. केरळातल्या तेल्लिचेरीला 1897 साली जानकी अम्मल नावाची मुलगी जन्मली. घर गरीब नव्हते, वडील न्यायखात्यात होते. पण थिय्या जात त्या काळी खालची मानीत. बहिणींची लग्ने झाली, हिने लग्न न करता शिकायचे ठरवले. मद्रासला शिकली, शिकवू लागली, आणि आशियातल्या मुलींसाठी असलेली शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत मिशिगनला गेली. 1931 साली वनस्पतिशास्त्रात डॉक्टर झाली. मग कोइमतूरला उसावर काम केले, इंग्लंडात काम केले. पंडित नेहरूंनी तिला परत बोलावले आणि 1950 च्या दशकात देशाच्या वनस्पती सर्वेक्षणाची घडी नव्याने बसवण्याचे काम सांगितले. 1955 साली अमेरिकेत पृथ्वीचा चेहरा माणसाने कसा बदलला यावर जगातल्या विद्वानांची सभा भरली, तिथे ती एकटी बाई होती. म्हातारपणी केरळातली सायलेंट व्हॅली धरणात बुडू नये म्हणून तिने आवाज उठवला. 1984 च्या फेब्रुवारीत ती गेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते रान राष्ट्रीय उद्यान झाले. जन्मभर रानाशी संसार केला म्हणा ना!

आता आपल्या मनातल्या शंकांकडे येते. मी स्वतः आई आहे, भीती मला कळते.

पहिली शंका जिवाची. खोटे सांगणार नाही. 2021 च्या नोव्हेंबरात ताडोबात वाघांच्या मोजणीच्या कामावर असताना आपल्या राज्यातली एक वनरक्षक भगिनी वाघिणीच्या हल्ल्यात गेली. तिच्या घरचे दुःख आपण शब्दांत मांडू नये. पण म्हणून मुलींनी जाऊ नये काय? गुजरातेत गीरच्या रानात 2007 पासून मुली वनरक्षक म्हणून भरती होतात, सिंहांच्या रानात गस्त घालतात, जखमी जनावर सोडवतात. धोका पुरुषालाही आहेच. मुलींना चांगले शिक्षण, जोडीला माणूस आणि पुरती साधने मिळावीत हा आग्रह आपण धरू. दार लावून घेणे हा काही उपाय नाही.

दुसरी शंका लग्नाची. ही शंका मीच पुतणीला बोलून दाखवली होती. आता स्थळे येतात. ती म्हणते, "काकी, मी गावोगाव फिरणार हे आधी सांगा, मग पोहे करा."

तिसरी शंका पैशाची. ज्या घराचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत आहे, त्या घरच्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची पदवीची फी 2024 पासून आपल्या राज्याने माफ केली आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती निराळी आहे. प्रश्न फीपेक्षा खोलीचा, जेवणाचा आणि कागदांचा उरतो. त्यावर मग येते.

चौथी शंका वाटेची: जायचे कुठून? ऐका. दहावीनंतर शास्त्र शाखा घ्यायची. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन वनशास्त्राची चार वर्षांची पदवी घेता येते. आपल्या दापोलीला कोकण कृषी विद्यापीठात ती आहे, विदर्भात अकोल्याला आहे. ज्या मुलीला पाण्याची ओढ आहे तिच्यासाठी रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. पुढे वनक्षेत्रपालाची परीक्षा राज्याचा लोकसेवा आयोग घेतो, भारतीय वनसेवेची दिल्लीचा आयोग घेतो. ज्यांना शोध करायचा आहे त्यांच्यासाठी डेहराडूनला 1982 पासून भारतीय वन्यजीव संस्था आहे. आणि जिला लवकर पायावर उभे राहायचे आहे तिने वनरक्षकाची परीक्षा द्यावी. आजवरच्या भरतीत त्यासाठी बारावी लागते, अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावी चालते. धावण्याची परीक्षाही असते, पण आपल्या मुली पाण्याच्या हंड्यासाठी आणि शाळेसाठी जेवढे चालतात तेवढी तयारी शहरच्या मुलींची नसेल! नोकरीच करायला हवी असेही नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बायकांचा एक गट होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतो. जी चिप्पी आणि तिवर आपण सरपण म्हणून पाहिली, त्याच झाडांवर त्यांच्या घरी चार पैसे येतात. पांढरी चिप्पी 2020 पासून आपल्या राज्याचे कांदळवृक्षाचे मानचिन्ह आहे, हे तरी आपल्याला कुठे ठाऊक होते?

आता ज्या कारणासाठी मी आज उभी राहिले ते सांगते.

पावसाळ्यात आपल्या दारावर टोपली घेऊन जी कातकरी बाई येते, तिची मुलगी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. कुरडू आणि शेवळे तीच नीट निवडून जुड्या बांधते. आपण तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, मीही केली आहे. ती मुलगी यंदा दहावी पास झाली. शास्त्रात तिचे गुण आपल्या पुष्कळ मुलांपेक्षा चांगले आहेत. दिवाळी झाली की तिचे आईबाप वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावर येतात. दोन वर्षे ती आजीजवळ राहून शिकली. आजी आता थकली. गेल्या आषाढात माझ्या ओट्यावर बसून तिने विचारले, "काकी, तुमची ती पुतणी शिकते तिथं आमच्यातल्या पोरी घेतात का?"

"आमच्यातल्या." हा शब्द माझ्या काळजात रुतला. ज्यांच्या जातीचे नावच खैराच्या कातावरून पडले, ज्यांना झाडाची साल नखाने खरवडून झाड ओळखता येते, त्यांच्या मुलीने विचारावे की रानाच्या शाळेत आम्हाला घेतात का! चार वर्षांपूर्वी मी एका मुलीला चुकीचे उत्तर दिले होते. या खेपेला म्हटले, "घेतात. आणि घेतलं नाही तर आम्ही विचारायला जाऊ." "आम्ही" म्हणताना मी मंडळाचेच नाव घेतले आहे. तुम्हाला न विचारता घेतले, त्याची क्षमा असावी. पण आता तो शब्द राखायला हवा.

म्हणून माझी मंडळापुढे चार मागणी आहेत.

एक, तिच्या जातीच्या दाखल्याचे काम. आजोबांचा कागद नाही, जमीन नाही, जन्माची नोंद नीट नाही. कातकरी आपल्या राज्यातल्या अतिमागास आदिम जमातींपैकी एक म्हणून सरकारदरबारी नोंदलेले आहेत, पण दाखल्यावाचून त्याचा उपयोग नाही. आपल्यापैकी दोघी-तिघींनी पाळीपाळीने तिच्याबरोबर तहसील कचेरीत जावे. एकटी गेली तर तिला उद्या या म्हणतील, आपण चौघी बाकावर बसलो तर आजच काय ते सांगतील.

दोन, तालुक्याच्या गावी वसतिगृहात जागा मिळेपर्यंत तिच्या राहण्या-जेवणाची सोय. यंदा मंडळाने नवा ध्वनिक्षेपक घ्यायचे ठरवले आहे. माझे म्हणणे, तो एक वर्ष थांबवावा. आमचा आवाज नाहीतरी खणखणीत आहे! आणि दर बैठकीला एक डबा फिरवावा, जिला जमेल तिने जमेल ते टाकावे. कोणी किती टाकले ते कोणी पाहू नये.

तीन, आपल्या घरातल्या शिकलेल्या सुनांनी रविवारी तास-दोन तास तिला आणि वाडीवरच्या इतर मुलामुलींना इंग्रजी आणि गणित शिकवावे. शास्त्र शाखेत मराठी शाळेतली मुले अडतात ती बुद्धीने नव्हे, इंग्रजीने. माझी पुतणीही पहिले सहा महिने रडत होती.

चार, आणि ही मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण उपकार करतो आहोत असे तिला वाटू देऊ नये. येत्या पावसाळ्यात आपण रानभाज्यांचा दिवस करू, तेव्हा पाट तिच्या आईला आणि आजीला मांडावा. भाजी कशी खुडायची, किती ठेवायची, कोणती विषारी, हे त्यांनी आपल्याला शिकवावे आणि आपल्या मुलींनी ते वहीत लिहावे. जिला शिकवायचे तिच्याकडून शिकायचेही, म्हणजे दोन्हीकडे मान राहतो.

मी असे म्हणत नाही की प्रत्येक मुलीने रानातच जावे. जिला सुई आवडते तिने सुई धरावी, जिला बँक आवडते तिने बँकेत जावे. माझे म्हणणे एवढेच, की जिला रानाची ओढ आहे तिला आपण हसू नये, आणि "हे आपल्यातल्यांचं काम नव्हे" असे म्हणू नये. एका वाक्याने मुलीचे एक वर्ष जाते, ते मी पाहिले आहे. एका वाक्याने जन्म जातो, तेही पाहिले आहे.

पुतणीला मी परवा म्हटले, "माझं चुकलं गो." ती म्हणाली, "काकी, ते राहू दे. उधाणाच्या ओहोटीला खाडीत माझ्याबरोबर ये, तिवराची रोपं मोजायची आहेत." मी जाणार आहे. साडी जरा वर खोचून, सातवीत पाहिलेली ती पेन्सिलीसारखी मुळे पुन्हा मोजायला.

 डबा बाहेर ओट्यावर, चहाच्या किटलीशेजारी ठेवला आहे. एवढे सांगून माझे दोन शब्द पुरे करते.